रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे वाढवले आहे.)



संयोजकांनी मला सांगितले की डॉक्टरसाहेब, विषय आरोग्याचा घ्या आणि अर्ध्या तासात आटपा. साखर आणि रक्तदाब यांवर तुम्ही पुष्कळ ऐकले आहे. तेव्हा मी आज अशा दुखण्याबद्दल बोलणार आहे, ज्याचा फोटो निघत नाही.

आपल्या बहुतेक घरांत कपाटावर एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात एखाद्या आजाराची फाईल असते. त्यात धुळ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, जळगावची सोनोग्राफी असते, नाशिकचा एम.आर.आय. असतो, आणि कुणी नातेवाईक सुरतेला असला तर तिकडचेही कागद असतात. रक्त, लघवी, छातीचा फोटो, ई.सी.जी., सारे काही. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द: नॉर्मल. आणि जिची ती फाईल, ती बाई कपाळाला ओढणी घट्ट बांधून कोपऱ्यात पडलेली असते. कंबर दुखते, डोके दुखते, पोटात गोळा फिरतो, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडते. आज हे, उद्या ते. अशी वर्षे जातात.

मग घरात निकाल लागतात. सासू म्हणते, कामाची टाळाटाळ. नवरा म्हणतो, टेन्शन घेते. कुणी म्हणते, नजर लागली. आणि आम्ही डॉक्टर लोक चष्म्यावरून बघून म्हणतो, “तुम्हाला काही झालेले नाही.” मला विचाराल तर या सगळ्या निकालांत आमचा निकाल सर्वांत वाईट, कारण तो शिकलेल्या माणसाने दिलेला असतो.

दुसऱ्या कुणाचे कशाला, माझेच सांगतो. दवाखाना नवीन होता, साल १९९५ च्या आसपासचे. चाळिशीतली एक बाई दर आठ-पंधरा दिवसांनी यायची. थकवा, अंगदुखी, केस गळणे, कशात मन न लागणे. घरची कटकट मला माहीत होती. मी मनाशी ठरवून टाकले की हे मनाचे आहे, आणि दर वेळी ताकदीच्या गोळ्या देऊन वाटेला लावले. दोन वर्षांनी ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी थायरॉईडची तपासणी केली आणि गोळी सुरू केली. चार महिन्यांत बाई बदलली. माझ्याकडे भांडायला आली नाही. रस्त्यात भेटली तेव्हा सलाम केला आणि पुढे गेली. तो सलाम मला अजून बोचतो.

आता याच्या उलट गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. धुळ्यातील पॉवरलूमवर काम करणाऱ्या एका कारागिराची मुलगी. उर्दू माध्यमातून दहावी झाली, गुण उत्तम. घराण्यात अकरावी सायन्सला गेलेली ती पहिलीच. ऑगस्टमध्ये डोके दुखू लागले. मग सकाळी उलट्या, मग पोट, मग हात बधिर. रविवारी बरे वाटायचे, सोमवारी पुन्हा सुरू. तीन ठिकाणी दाखवले. एका ठिकाणी चष्मा दिला, एका ठिकाणी पाच दिवस सलाईन लावले, एका ठिकाणी अपेंडिक्स काढून टाकले, आणि काढलेले अपेंडिक्सही चांगले निघाले. अम्मीच्या बांगड्या गेल्या. दिवाळीनंतर अब्बांनी ठरवले की पोरीला पढाई सोसत नाही, कॉलेज बंद.

माझ्याकडे ती अकरावीचे वर्ष वाया गेल्यावर आली. मी सावकाश तपासले, कागद वाचले आणि तिला एकटीला विचारले, “बेटा, वर्गात शिकवतात ते कळते का?” ती रडू लागली. फिजिक्स, केमिस्ट्री सारे इंग्रजीत. पहिल्या दिवसापासून तिला एक अक्षर कळत नव्हते. शाळेत पहिली येणारी मुलगी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसत होती. हे तिने कुणाला सांगितले नव्हते, कारण तिच्या शिक्षणासाठी अब्बांनी भावांशी वाद घातला होता. तोंड बंद होते. शरीर बोलत होते.

पालकहो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ती खोटे बोलत नव्हती. तिचे डोके दुखतच होते. हे कसे, ते आता सांगतो.

थोडा वेळ उवांचा विचार करा. डोक्यात उवा, केसांच्या मुळाशी चालणाऱ्या. ... पाहा, मागच्या रांगेतल्या दोन-तीन मुलींचे हात डोक्याकडे गेलेसुद्धा. त्यांच्या डोक्यात ऊ नाही, पण खाज खरी आली. त्यांनी सोंग केले असे कुणी म्हणेल का?

दुखणे जखमेत तयार होते आणि तारेतून डोक्यात पोहोचते अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाचे एक अमेरिकन डॉक्टर इटलीच्या आघाडीवर होते. त्यांना दिसले की मोठमोठ्या जखमा झालेले बहुतेक सैनिक वेदनाशामक मॉर्फिन मागतच नाहीत. मोठे ऑपरेशन झालेले साधे नागरिक मात्र हटकून मागतात. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे युद्धातून जिवंत सुटका. नागरिकाच्या लेखी तीच जखम म्हणजे संकटाची सुरुवात. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला. औषध नसलेली नुसती नावाची सुई दिली, तरी काहींचे दुखणे कमी झाले. मग शरीरातील अफूसारख्या द्रव्यांना अडवणारे औषध दिले, तेव्हा तो आराम नाहीसा झाला. म्हणजे नुसत्या विश्वासाने मेंदूने आपल्याच कारखान्यात वेदनाशामक तयार केले होते. मेंदू दुखणे कमी करू शकतो. मग तो ते वाढवूही शकतो.

आता एम.आर.आय. नॉर्मल का येतो ते पाहू. आपल्याला भुसावळ जंक्शन माहीत आहे. मुंबईकडून येणारा मार्ग तिथे फुटतो, एक फाटा खंडवा-इटारसीकडे, एक अकोला-नागपूरकडे. सुरतेची ताप्तीकाठची लाईन अलीकडे जळगावलाच येऊन मिळते. समजा एखाद्या रात्री सगळ्या गाड्या रखडल्या. इंजिनिअरने रूळ तपासले, पूल तपासले, सारे ठणठणीत. त्याने लिहून दिले की रूळ नॉर्मल. ते खरेही आहे. पण बिघाड रुळात नाही, गाड्या सोडण्याच्या ताळमेळात आहे. एका गाडीला वारंवार हिरवा कंदील मिळतो आणि दुसरी बाहेर शिट्ट्या मारत उभी राहते. आपण पैसे मोजून काढतो तो साधा एम.आर.आय. म्हणजे रुळांचा फोटो. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, सूज आहे का, हे तो दाखवतो. वाहतूक दाखवत नाही.

वाहतूक पाहण्याची युक्ती १९९० साली सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत शोधली. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त धावते, आणि रक्तातील प्राणवायूच्या फरकाने एम.आर.आय.च्या चित्रात किंचित बदल होतो. तो बदल सेकंदासेकंदाला टिपायचा. पुढे १९९५ साली भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या तरुण संशोधकाने मिलवॉकी येथे एक गमतीची गोष्ट पाहिली. माणूस मशीनमध्ये स्वस्थ पडला आहे, बोटही हलवत नाही, तरी हात हलवणारे मेंदूचे डावे आणि उजवे भाग एका लयीत मंद हेलकावे खात आहेत. हे हेलकावे म्हणजे मशीनची खरखर म्हणून आधी लोक सोडून देत. बिस्वाल यांनी दाखवले की ती खरखर नाही, दूर असलेल्या दोन भागांची ती आपसातील बातचीत आहे. मेंदूतील भागांच्या परस्परसंबंधांचे आजचे शास्त्र बरेचसे तिथून वाढले. मुलांनो, तेव्हा ते विद्यार्थीच होते. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या कचऱ्यात त्यांनी लक्ष घातले.

२००१ साली मार्कस रेकल यांनी आणखी एक गोष्ट मांडली. आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदूतील एक ठरावीक जाळे उलट जास्त जागे असते. आपण कोण, आपले काय होणार, कालचे काय, उद्याचे काय, अशा स्वतःविषयीच्या विचारांत हे जाळे गुंतलेले असते. रात्री अंथरुणावर पडल्यावर दुखणे का वाढते, हे ज्यांना दुखते त्यांना विचारा.

आता मूळ विषयाकडे येतो. वर्षानुवर्षे शरीराची अनेक लक्षणे दिसतात, तपासण्यांत पुरेसे कारण सापडत नाही आणि माणसाचे आयुष्य त्या लक्षणांभोवती फिरू लागते, अशा आजाराला सोमॅटायझेशन डिसऑर्डर म्हणत. ग्रीक भाषेत सोमा म्हणजे शरीर. चीनमधील ग्वांग्शी भागातील संशोधकांनी असे रुग्ण घेतले, पहिल्यांदाच निदान झालेले आणि औषध न घेतलेले, म्हणजे औषधाच्या परिणामाची शंका नको. शेजारी निरोगी लोक घेतले आणि सर्वांचे स्वस्थ पडलेले मेंदू टिपले. २०१४ साली त्यांनी कळवले की रेकल यांनी सांगितलेल्या त्या जाळ्याचा कपाळामागचा भाग रुग्णांत जास्त सक्रिय आहे आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा भाग कमी. एकाच जाळ्याची दोन टोके, पण मेळ सुटलेला. त्यानंतर निरनिराळ्या देशांत अशा दुखण्यांवर झालेल्या अभ्यासांत आणखी काही भागांची नावे पुन्हा पुन्हा येतात. एक इन्सुला. हा कानाच्या वरच्या बाजूला मेंदूच्या घडीत दडलेला असतो आणि पोट, हृदय, श्वास यांच्या आतल्या बातम्या घेतो. दुसरा सिंग्युलेट. तो कोणत्या बातमीकडे लक्ष द्यायचे ते ठरवण्यात भाग घेतो. तिसरा अमिग्डाला, भीतीशी जोडलेला. यांच्यातील दळणवळण जास्त झाले की पोटाची साधी हालचालही धोक्याची घंटा होऊन वाजते.

याची मला पटलेली उपपत्ती अशी. मेंदू बातमी येण्याची वाट बघत बसत नाही, तो आधीच अंदाज बांधतो. खिशातला मोबाईल थरथरला असे वाटून आपण हात घालतो आणि फोन तर टेबलावर असतो. असाच अंदाज शरीराबद्दलही असतो. सोमवार, कॉलेज, शेवटचा बाक, म्हणजे आता डोके दुखणार. अंदाज पक्का असला की बातमी येण्याआधीच दुखणे हजर. आणि ते रोज झाले की त्याचे पाढे पाठ होतात. सात सत्ते म्हटल्याबरोबर एकोणपन्नास तोंडात येतात, तसे.

पण इथे मी तुम्हाला सावध करतो. अशा अभ्यासांत बहुधा वीस-तीस रुग्ण असतात. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी नेहमी जुळत नाही. मेळ बिघडल्यामुळे दुखते की वर्षानुवर्षे दुखल्यामुळे मेळ बिघडतो, हे त्यातून ठरत नाही. शिवाय निष्कर्ष सगळ्या गटाच्या सरासरीचा असतो. एका माणसाचा मेंदू टिपून “तुला हा आजार आहे” असे सांगणारी तपासणी आजतागायत नाही. तेव्हा उद्या कुणी जाहिरात केली की आमच्याकडे मेंदूच्या जोडणीचा फोटो काढून मनाचे आजार ओळखतो, तर पैसे घेऊन धावू नका. या संशोधनाचा आपल्याला उपयोग एवढाच की नॉर्मल रिपोर्ट आणि खरे दुखणे या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.

या आजाराची नावे अनेकदा बदलली. १८५९ साली पॅरिसच्या पॉल ब्रिके यांनी ४३० रुग्णांचा अभ्यास छापला. बायकांचा हा आजार गर्भाशयामुळे होतो ही शेकडो वर्षांची समजूत त्यांनी नाकारली आणि बोट मेंदूकडे दाखवले. पुरुषांतही तो सापडतो हे सांगितले. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात तो सोमॅटायझेशन डिसऑर्डर झाला. तेव्हा ३७ लक्षणांच्या यादीतून बाईला १४ आणि पुरुषाला १२ असली तरच निदान, असा हिशेब होता. किराणा मालासारखा. २०१३ साली ते नावही गेले. आता लक्षणे किती आहेत यापेक्षा, किंवा त्यांचे कारण सापडले की नाही यापेक्षा, त्या लक्षणांनी माणसाचे विचार, भीती आणि दिनक्रम किती गिळला आहे ते बघतात.

कुणी म्हणेल, हा आपल्याकडच्या अडाणी लोकांचा आजार, शिकलेले लोक मनाचे दुःख मनातच ओळखतात. तसे नाही. १९९९ साली चौदा देशांतील दवाखान्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपले बंगळूरही होते. नैराश्य असलेल्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के लोकांनी डॉक्टरांना फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या. ही सगळ्या जगाची गोष्ट आहे.

तरी आपल्या भाषेकडे पाहा. मराठीत काळजात धस्स होते, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो, पोटात खड्डा पडतो. घरात आपण म्हणतो, दिल डूब रहा है, जी घबरा रहा है, हाथ-पाँव में जान नहीं. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड शहरात आपल्या उपखंडातून गेलेले पुष्कळ लोक राहतात. तिथल्या व पाकिस्तानातल्या डॉक्टरांना अडचण आली की इंग्रजी प्रश्नावलीत ही दुखणी बसत नाहीत. मग डेव्हिड ममफर्ड आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तोंडच्या तक्रारी गोळा करून १९९१ साली उर्दू व इंग्रजीत एक नवी प्रश्नावली केली. आपल्या दादी-नानीच्या बोलण्याला अशी शास्त्रात जागा मिळाली.

शरीराची भाषा वापरण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या समाजाला लागू पडते. १९९६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील ८० रुग्णांचा अभ्यास छापला गेला. मनाच्या उदासीची लक्षणे जितकी जास्त, तितकी लोकलाजेची भावना जास्त. शरीराच्या लक्षणांचे उलट. कंबर दुखते म्हटले तर शेजारीण चहा करून आणते. मन लागत नाही म्हटले तर मुलीचे स्थळ मोडते. मग शहाणा माणूस काय सांगेल?

आपल्या इतिहासात या बाबतीत जास्त मोकळेपणा होता. नवव्या-दहाव्या शतकातील अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. वैद्य फक्त शरीर बघतात आणि मनाचे आजार सोडून देतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्यानंतर इब्न सीना यांनी आपल्या कानून या वैद्यकग्रंथात प्रेमाने झुरणाऱ्या रुग्णाची नाडी धरून एकेक नाव घ्यायचे आणि नाडी कुठे उडते ते बघायचे, असे लिहून ठेवले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या हकिमाला जे लाजिरवाणे वाटले नाही, ते आज आपल्याला का वाटावे?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण माझी ती थायरॉईडची बाई मी विसरलेलो नाही. “सगळे मनाचे आहे” ही समजूतही तितकीच घातक आहे, विशेषतः बायकांच्या बाबतीत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेट या साप्ताहिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग निघाला आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. या बायका कण्हत होत्या ते खऱ्या आजाराने, आणि कुणी हात लावून पाहिलेच नव्हते. उलट गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००५ साली आला. तिथे अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त निघाला. दोन्ही अभ्यास खरे आहेत. म्हणून आधी एकदा नीट तपासणी, आणि मगच निष्कर्ष.

नीट म्हणजे काय? रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, गरजेप्रमाणे बी-१२. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल आढळतो आणि त्यात हाडे असह्य दुखतात, तेव्हा त्या भागातल्या मुलाच्या अंगदुखीला नाटक म्हणण्याआधी ती चाचणी झाली पाहिजे. वजन उतरत असेल, ताप राहत असेल, कुठून रक्त जात असेल, दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, एका बाजूची ताकद गेली असेल, तर मनाचा विषयच काढू नका, तडक दवाखाना गाठा. यांपैकी काही नसेल आणि तपासणी ठीक असेल, तर मात्र तीच तपासणी चौथ्या गावी जाऊन पुन्हा करू नका. प्रत्येक नवा फोटो मेंदूला सांगतो की धोका अजून आहे, शोध चालू आहे.

आणि सलाईन. खान्देशात सलाईनवर लोकांची फार श्रद्धा आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. जुलाब-उलट्यांनी कोरड्या पडलेल्या माणसाला ते जीवदान आहे. चालत येणाऱ्या, चहा पिणाऱ्या माणसाच्या थकव्याला त्यात काही नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे माहीत आहे.

मग करायचे काय? एक डॉक्टर धरा, फाईल त्यांच्याकडे ठेवा आणि दुखो न दुखो, ठरलेल्या दिवशी जा. हे मी मनचे सांगत नाही. अमेरिकेत जी. रिचर्ड स्मिथ यांनी १९८६ साली अशाच रुग्णांच्या डॉक्टरांना एक पत्र पाठवून पाहिले: ठरावीक अंतराने बोलवा, हात लावून तपासा, गरज नसलेल्या तपासण्या व ऑपरेशने टाळा. एका पत्राने खर्च निम्म्यावर आला आणि रुग्णांची तब्येत त्यामुळे बिघडली नाही. याशिवाय बोलण्याचे शास्त्रशुद्ध उपचार आहेत, रोजचे चालणे आहे, झोपेची शिस्त आहे, आणि काहींना नैराश्यावरच्या औषधांचा फायदा होतो. ती औषधे नशेची नाहीत. फायदा सावकाश होतो, जादूसारखा नाही. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीही नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण सुधारतात, हे २०१० साली गोव्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत दिसले. धुळ्याला आणि २०१८ पासून जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मानसोपचाराचा केसपेपर दुसऱ्या केसपेपरसारखाच निघतो. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

घरात बोलायचे कसे, हे भगिनींनी मला नेहमी विचारले आहे. “तुला काही झालेले नाही” म्हणू नका. “दुखते आहे हे मला मान्य आहे” एवढे म्हणा. दर तासाला “आता कसे आहे?” विचारू नका, त्याने मेंदूचे लक्ष तिथेच खिळते. आणि शाळा-कॉलेज बंद करू नका. दोन तास जमत असतील तर दोन तास पाठवा, पण पाठवा. घरी बसलेल्या मुलाचे दुखणे पहिले आठ दिवस कमी होते आणि मग घरातच मुक्काम करते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. अब्बांना मी दोनदा बोलावले. पहिल्यांदा ते रागावून गेले, “मेरी लड़की पागल नहीं है” म्हणून. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारले, “मला सांगितले का नाही तिने?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने तिला संध्याकाळी फिजिक्सचे इंग्रजी शब्द उर्दूत समजावून सांगायला सुरुवात केली. मी एक गोळी काही महिने दिली. ती पुन्हा अकरावीला बसली. डोके दुखायचे थांबले नाही, पण ती दुखत्या डोक्याने जाऊ लागली आणि हळूहळू सोमवार रविवारसारखा झाला. आज ती फार्मसीची पदवीधर आहे. परीक्षेच्या दिवसांत पोट अजून बिघडते, असे हसून सांगते.

पदाधिकारी मंडळींनी राग मानू नये, पण दहावी उर्दू किंवा मराठीतून आणि अकरावी एकदम इंग्रजीतून, ही उडी आपली कितीतरी मुले दरवर्षी मारतात. जूनमध्ये पहिले दोन महिने त्यांच्यासाठी भाषेचा वर्ग घेता आला, तर माझ्या दवाखान्यातली गर्दी थोडी कमी होईल. मला त्याचे वाईट वाटणार नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. आता तुमचे प्रश्न घेतो. उभे राहून विचारायला संकोच वाटत असेल, तर कागदावर लिहून पुढे पाठवा. नाव लिहू नका.